टॅसिटर्न म्हणजे आप्पा

रविवारी सकाळी साडेआठच्या सुमाराला माझा मोबाईल टुंग करतो आणि मला एक इंग्रजी शब्द देतो. तसा रोजच देतो, पण रविवारचा शब्द मी आरोहीला वाचायला लावतो, कारण त्या दिवशी तिला शाळा नसते आणि मला उद्यमबागेतला कारखाना नसतो. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि तिचं इंग्रजी आजच माझ्यापेक्षा मोकळं आहे, हे मला कळतं. पण नुसतं मोकळं असून काय उपयोग, शब्द पाहिजेत, वजनदार शब्द पाहिजेत, असं माझं टुमणं असतं आणि ते लागलं की तेजस्वी, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून 'झालं ह्यांचं सुरू' म्हणते. त्या रविवारचा शब्द होता टॅसिटर्न. आरोहीनं तो दोनदा अडखळत वाचला, मग खालचा अर्थ वाचला, स्वभावानंच कमी बोलणारा, अबोल. वाक्यात वापर, मी म्हणालो. पप्पा, आधी तू, ती म्हणाली. आणि मी चहाचा कप खाली न ठेवताच म्हणालो, माय फादर इज टॅसिटर्न. आठवावं लागलं नाही, जुळवावं लागलं नाही. पंधरा-सोळा वर्षं तोंडात भिजत पडलेलं वाक्य होतं ते. आरोहीच्या कपाळाला आठी पडली, गणिताचं उत्तर जुळलं नाही की पडते तशी. "पण पप्पा," ती म्हणाली, "आज्जा तर केवढा बोलायचा माझ्याशी."

मी हसलो. म्हटलं, कुठला आज्जा, कंग्राळीचा? हो, शेतातला आज्जा, ती म्हणाली, आणि मला यादीच ऐकवायला लागली. रविवारी मी तिला कंग्राळीला सोडून यायचो आणि संध्याकाळी आणायला जायचो, त्या मधल्या वेळात आज्जाचं तोंड थांबायचं नाही म्हणे. रताळ्याचा वेल लावायला कुठल्या डोळ्यापाशी मोडायचा आणि डोळा वर ठेवायचा की खाली ते त्यानं तिला सांगितलं होतं. रताळी उकरून खाणाऱ्या साळिंदराला चोर म्हणायचं नाही, पाव्हणा म्हणायचं, नाहीतर ते रागावून बायकापोरं घेऊन येतं, हे सांगितलं होतं. उचगावच्या जत्रेत एका पैलवानानं त्याला कुस्तीत उचललं, तेव्हा त्या उंचीवरून गर्दीत त्याला आपली म्हातारी आई दिसली, तिला बघून तो हसला आणि म्हणून पडला, हे सांगितलं होतं. आणि तुझा बाप तुझ्याएवढा असताना विहिरीच्या काठाला पोटावर पालथा पडून आत पाढे म्हणायचा, खालनं दुसरं पोरगं म्हणतंय असं त्याला वाटायचं, हेही सांगितलं होतं. हे शेवटचं मला आठवत नव्हतं. मी डोळे मिटून बघितलं, तरी आठवेना. माझ्या बापाला ते आठवत होतं आणि त्यानं ते माझ्या मुलीला सांगितलं होतं, मला नाही. चहा गार झाला होता, तो मी तसाच प्यालो.

बोलायचा, असं ती भूतकाळात म्हणाली ते बरोबरच होतं. यंदा शिमग्यानंतर आठवड्याभरात आप्पांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतात आणि बोलणं गेलं. सगळं गेलं नाही, एक शब्द राहिला. व्हय. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादाच शब्द मागं राहतो आणि माणूस सगळ्या कामाला तोच वापरतो. या दुखण्याचं इंग्रजी नाव डॉक्टर सांगणार इतक्यात मीच म्हणालो, अफेजिया. डॉक्टर कौतुकानं म्हणाले, अरे वा, तुम्ही मेडिकल लाइनमधले का? आणि आप्पा पलीकडच्या खोलीत नाकात नळी घालून पडलेले असताना मला क्षणभर बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं बरं. आता कंग्राळीत आई विचारते, भूक लागली? व्हय. पोट भरलं? व्हय. हात दुखतोय? व्हय. दुखत न्हाय न्हवं? व्हय. आई म्हणते, जल्मभर माझ्या कशाला हो म्हटलं न्हाय ह्या माणसानं, आता बघा. असं म्हणून ती हसते आणि मग बराच वेळ चुलीपुढून उठत नाही.

टॅसिटर्न हा शब्द मला मिळाला तो खडेबाजारात एका जिन्यावरच्या क्लासात. त्याच्या आधी एक मुलाखत झाली होती. मी बी.कॉम. फर्स्ट क्लास, कंग्राळीच्या मराठी शाळेपासून कधी कुठं अडलो नाही, त्यामुळं छाती पुढं काढून गेलो. समोर तिघं. म्हणाले, स्वतःबद्दल सांगा, इंग्रजीत. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि मग पुढचं काही येईना. त्यांनी वाट बघितली. पंख्याचा कुरकुर आवाज ऐकू येत होता. शेवटी त्यांच्यातली बाई मराठीत म्हणाली, बरं, पाणी घ्या. ते पाणी मी प्यालो आणि उठून आलो. त्या बाईचा मराठी दयाळूपणा मला इतका झोंबला की घरी येऊन दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. मग मष्णूनं, माझ्या मित्रानं, मारुतीराव सरांच्या क्लासाचं नाव सांगितलं. सर गोरेपान, बारीक, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. त्यांची पद्धत एकच होती. रोज दहा शब्द, वर्षाला तीन हजार सहाशे पन्नास. शब्द पाठ करायचा नाही, तो ओळखीच्या माणसाच्या कपाळावर चिकटवायचा, मग तो जन्मात विसरत नाही. मी लांबट वही केली आणि गावच्या गाव चिकटवून टाकलं. भरमूकाका म्हणजे पॅरोकियल, ज्याला आपल्या शिवारापलीकडं जग नाही. बिचारा मष्णू, ज्यानं मला क्लास दाखवला, तो मीडिऑकर, सुमार. आई क्वेरुलस, सदा कुरकुरणारी. सर मॅग्नॅनिमस, मोठ्या मनाचे. आणि आर्टिक्युलेट, म्हणजे आपलं म्हणणं नेमकं मांडता येणारा, हा शब्द मी स्वतःसाठी बाजूला काढून ठेवला, मुलगा व्हायच्या आधीच नाव काढून ठेवावं तसा.

सरांचा दुसरा नियम जास्त कडक होता. एक वर्ष मराठी बोलायचं नाही, कन्नड नाही, हिंदी नाही. घरात, बसमध्ये, जेवताना, कुठंच नाही. स्वप्नसुद्धा इंग्रजीत पडलं पाहिजे. बॅच एका सोमवारी सुरू होणार होती आणि तोच आमच्या रानात रताळ्याचे वेल लावायचा दिवस निघाला. आमच्या घरात त्या दिवसाचा एक नेम आहे. पहिली सरी पुरी होईपर्यंत घरधनी बोलत नाही. का, ते कुणी सांगत नाही. आप्पांचे आप्पा बोलत नव्हते, एवढंच. सरी संपली की तो कंबर सरळ करतो आणि पहिला शब्द घरातल्या थोरल्या माणसाला देतो, नुसती हाक मारतो, मग दिवसाचं बोलणं सुरू. ज्यानं नेम धरलाय त्याच्याशी दुसऱ्यानं बोलायचं नाही, त्याला काही विचारायचं नाही, नेम संपत आला याची आठवणसुद्धा करून द्यायची नाही. ज्याचा त्यानं सोडायचा, तिथंच, त्या सरीत. तसा सोडला नाही तर तो चालूच राहतो. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं, आणि माझ्या लेखी त्याची किंमत डोंबलाची नव्हती.

मी त्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बांधावर गेलो. आप्पा पहिल्या सरीत वाकलेले, तोंड मिटलेलं, बगलेत वेलांचा भारा. मी आपलं शेवटचं मराठी भाषण केलं. आजपासनं वरीसभर मी मराठी बोलणार न्हाय, तुम्हीबी कुणी माझ्याशी बोलू नका, माझं शिक्षान हाय. आप्पांनी मान वर करून बघितलं. मला वाटलं होतं, नेम मोडून शिव्या घालतील. ते हसले. असे हसले की त्यांचा मागचा तुटका दात दिसला. मग त्यांनी भाऱ्यातला एक वेल ओढला आणि माझ्यापुढं धरला. मला सव्वाआठची बस गाठायची होती आणि वेलाचा चीक बोटांना लागला की काळा पडतो, चार दिवस निघत नाही. मी घड्याळ दाखवलं आणि मागं फिरलो. वळून बघितलं तेव्हा तो वेल आप्पा आपल्याच हातानं मातीत खोचत होते. इतक्या वर्षांत हा वेल माझ्या डोळ्यापुढं कितीदा आला असेल, पण तो त्यांनी का धरला होता हे मी स्वतःला एकदाही विचारलं नाही.

आणि घर गप्प झालं. आईनं तीन आठवडे कळ काढली, मग एका सकाळी ताट आदळून म्हणाली, मला न्हाय जमत बाबा, पाप लागू दे लागलं तर, आणि बोलायला लागली. मी इंग्रजीत उत्तरं द्यायचो, ती मराठीत भांडायची, आमचं बरं चाललं होतं. मंगल आक्का, माझी थोरली बहीण, उचगावला दिलेली, ती आली की तोंडावर पदर धरून हसायची. पण आप्पा माझ्याशी बोलेचनात. काही सांगायचं असलं की ते गोठ्याकडं तोंड करायचे आणि म्हशीला सांगायचे. "आज दुपारचं पाणी येणार हाय गं, कुणीतरी मोटार चालू करायला पायजे." "थंडी लई हाय, कानाला बांधून जावं माणसानं." मी ऐकायचो आणि मोटार चालू करायचो, कानाला मात्र बांधायचो नाही. मला वाटायचं, म्हातारा रुसलाय. पुढं वाटायला लागलं, माझ्या इंग्रजीला भितोय, आणि या विचारानं मला बरं वाटायचं. एकदा सोप्यावर, म्हणजे आमच्या ओसरीवर, बसून मी मोठ्यानं शब्द घोकत होतो, तर आप्पा येऊन शेजारी टेकले. बोलले नाहीत. तासभर बसले असतील, त्यांच्या अंगाला ओल्या मातीचा वास येत होता. मग उठून गोठ्यात गेले आणि म्हशीला म्हणाले, "लई अवघड शिकतंय पोरगं." मी हे ऐकलं आणि वही उघडली. एका पानावर ओळीनं लिहिलं. माय फादर इज लॅकॉनिक. माय फादर इज रेटिसंट. माय फादर इज ऑब्स्टिनेट. माय फादर इज टॅसिटर्न. न बोलणाऱ्या, हट्टी माणसाला इंग्रजीत किती शब्द आहेत, नुसती चंगळ. सरांनी त्या पानावर लाल शाईनं एक्सलंट लिहिलं होतं.

वर्ष संपलं त्या आठवड्यात पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं. आई म्हणाली, सोमवार होऊन जा की रं, सोमवारी वेल लावायचं हाईत. मुलाखत सोमवारीच होती. मी रविवारीच बसलो. आप्पा दारात उभे होते, काहीतरी सांगायचं असल्यासारखे, पण म्हैस चरायला गेली होती. पुण्यात मी असा बोललो की समोरच्यांपैकी एकजण पाठीला टेकून ऐकत राहिला. बाहेर पडलो तेव्हा अंगाला हलकंहलकं वाटत होतं. रस्त्यावर एक गाडा होता. मी गेलो आणि म्हणालो, एक वडापाव द्या. वर्षभर जपलेलं मराठी बोलणं मी एका अनोळखी माणसाच्या गाड्यावर उघडलं. तो म्हणाला, तिखट चटणी टाकू? मी म्हणालो, टाका. इतकं मोकळं वाटलं की मी आणखी एक मागितला.

मग पुण्यात तीन वर्षं, मग बेळगावात परत, उद्यमबागेतल्या कारखान्यातून परदेशी गिऱ्हाइकांना पत्रं लिहायचं काम, खासबागेत दोन खोल्यांचं बिऱ्हाड, खालच्या गल्लीत मागांची खडखड. कंग्राळी इथून आठ-नऊ किलोमीटर. मी आता घरी मराठीच बोलायचो, उलट मुद्दाम गावच्यासारखं बोलायचो, पण आप्पा म्हशीलाच सांगायचे. पहिली म्हैस गेली, दुसरी आली, तिसरी आली, बोलणं तिकडंच. फोनवर ते कधी आले नाहीत. मी म्हणायचो, फोनला भितात. माझ्या लग्नात ते तेजस्वीच्या डोक्यावर हात ठेवून तिच्याशी चार शब्द बोलले, माझ्या खांद्यावर त्यांनी नुसता हात ठेवला. दरवर्षी वेल लागून झाल्यावर रानात एक सरी, बांधालगतची, रिकामी दिसायची. मी एकदा विचारलं, ही का सोडलीया? आप्पा म्हशीकडं वळले आणि म्हणाले, "पाण्याला वाट ठेवलीया." मला ते खरं वाटलं. शेतकऱ्याचं पोरगं मी, पाणी त्या बाजूनं येतच नाही हे मला दिसायला पाहिजे होतं. आरोही झाल्यावर एकदा माझा तोल गेला. तिला पहिल्यांदा गावी नेली होती, आप्पांनी तिला मांडीवर घेतली आणि तिच्या कानाशी काहीबाही सांगत बसले. मी म्हणालो, आप्पा, एकदा तरी माझ्याशी तोंड उघडा, मी काय पाप केलंय? त्यांचे ओठ हलले. ते माझ्याकडं इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, आता बोलतील. मग त्यांनी मान फिरवली. "आत जा म्हणावं," म्हशीला म्हणाले, "पोरीला ऊन लागतंय." मी पोरीला उचललं, गाडीला किक मारली आणि पुढं तीन महिने फिरकलो नाही.

हे सगळं त्या रविवारी साडेआठ ते साडेनऊच्या मध्ये डोक्यातून गेलं. मी तेजस्वीला म्हणालो, कंग्राळीला जाऊन येतो. ती म्हणाली, आरोहीला नेत नाही? मी म्हणालो, नको. आक्का झटक्यानंतर महिन्यातले पंधरा दिवस कंग्राळीतच असते. मी पोचलो तेव्हा ती सोप्यावर बसून वेलाचे तुकडे करत होती, परवाच रान लावून झालं होतं, उरलेले म्हशीला घालायचे होते. समोर परड्यात, गोठ्यापुढं, आप्पा प्लॅस्टिकच्या खुर्चीत, त्यांच्या डाव्या हाताला म्हैस, त्यांच्यापलीकडं रान. हल्ली ते व्हय म्हणतात तेही सगळ्यांच्या तोंडाकडं बघून म्हणतात. मी विचारलं की म्हशीकडं बघून म्हणतात. याचं मला आजवर काही वाटलं नव्हतं, सवय झाली होती. मी आक्काजवळ बसलो आणि विचारलं, आप्पा आरोहीशी बोलायचे? ती म्हणाली, बोलायचे म्हंजे? डोस्कं उठवायचे पोरीचं. मग माझ्याशी का न्हाय, मी विचारलं. आक्काचा विळा थांबला.

"तू नेम कुठं सोडलास?" ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. कसला नेम? तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी थट्टा करतोय असं तिला वाटलं असावं. मग ती सांगायला लागली, हळू, आप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून. मी बांधावर भाषण केलं त्या संध्याकाळी आप्पांनी घरातल्यांना बसवून सांगितलं होतं, पोरानं वेलाच्या दिवशी, पहिल्या सरीवर उभं राहून वर्षाचा नेम धरलाय, माझ्यापरास मोठा नेम धरलाय, कुणी त्याला बोलवायचं न्हाय, मोडायचा न्हाय. लई खूश होते, आक्का म्हणाली. गावभर सांगत होते. मी जे इंग्रजी बडबडत होतो ते त्यांच्या लेखी बोलणं नव्हतंच, देवापुढं भटजी बोलतो तसलं काहीतरी होतं. वर्ष संपलं त्या सोमवारी त्यांनी बांधालगतची पहिली सरी माझ्यासाठी ठेवली. आईनं पोळ्या केल्या होत्या, आक्का उचगावहून पोराला काखेत मारून आली होती. आप्पा दिवस मावळेपर्यंत सरीच्या टोकाला बसून राहिले. तिथं मी वेल लावायचा होता, कंबर सरळ करायची होती आणि त्यांना हाक मारायची होती. मी त्या वेळी कुठं होतो आणि काय खात होतो हे मी आक्काला सांगितलं नाही.

"कुणी सांगितलं का न्हाय मला?" मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण आप्पांनी मान वळवली. "पंधरा-सोळा वर्षं, आक्का. एकानंबी सांगू नये?"

"सांगून कसं चालंल रं," आक्का म्हणाली. "आणि आम्हाला वाटलं, तुला म्हाईत हाय. एवढी जाड पुस्तकं वाचणारा तू, घरचं हे कळंना होय? वरीस सरल्यावर आम्ही बाकीची बोलाय लागलो, आप्पांनी तेवढं धरून ठेवलं. आईनं एकदा तुला सांगाय तोंड उघडलं तर आप्पांनी तिला गळ्याची आण घातली. म्हणायचे, त्याचा त्यो सोडंल, घाई न्हाय."

माझ्या वहीतलं ते पान मला दिसत होतं, लाल एक्सलंटसकट. माझ्यासाठी जो माणूस गप्प बसला होता त्याच्याच गप्प बसण्याला मी शब्द शोधत होतो, एकापेक्षा एक भारी, आणि एकही त्याला लागू नव्हता. आरोहीला त्यानं सांगितलेलं सगळं, ती कुस्ती, ते साळिंदर, ती विहीर, हे सगळं आधी माझ्यासाठीच असणार. नातीला सांगताना त्यानं मधूनमधून माझी आठवण काढली असेल. आणि आता सांगायला त्याच्याजवळ एकच शब्द उरला होता. रडू यावं असं वाटत होतं, पण राग येत होता, स्वतःचा, सरांचा, त्या पाणी देणाऱ्या बाईचा, आणि खरं सांगायचं तर आप्पांचाही. इतका कशाला पाळावा माणसानं दुसऱ्याचा नेम?

रानात बांधालगतची सरी रिकामीच होती. भरमूकाकानं यंदा रान लावताना ती भरायला घेतली, तर आप्पांनी काठी आपटून आपटून त्याला हटवलं होतं, हेही आक्कानंच सांगितलं. मी तिच्यापुढचा वेलांचा भारा उचलला, चपला काढल्या आणि परड्यातून रानात उतरलो. आप्पांची खुर्ची तिथून हाकेच्या अंतरावर होती. मी तोंड मिटलं आणि पहिला वेल मातीत खोचला. मला ते नीट येत नव्हतं. डोळा वर की खाली हे आठवेना, मग आरोहीनं सकाळी सांगितलेलं आठवलं आणि तसं केलं. पहिली काही पावलं डोक्यात शब्द येत राहिले, फरो म्हणजे सरी, टेंड्रिल म्हणजे वेलाचा तंतू, पेनिटंट म्हणजे पस्तावलेला, एकामागून एक, हाताला चीक लागत होता आणि बोटं काळी होत होती. अर्ध्या सरीत कंबर धरली. पुढं शब्द येईनासे झाले, मराठी नाही, इंग्रजी नाही, नुसती माती आणि पाठीवरचं ऊन. आई परड्याच्या दारात येऊन उभी राहिली होती, पण बोलली नाही. आक्काही बोलली नाही. सरी संपायला दीड तास लागला, आप्पांना अर्धा लागायचा.

शेवटचा वेल दाबून मी कंबर सरळ केली. आप्पांकडं तोंड केलं. ते तीन हजार सहाशे पन्नास शब्द आणि त्यानंतरचे किती तरी, सगळे मागं पडले होते, आणि म्हणायचा होता तो एकच.

"आप्पा," मी म्हणालो.

"व्हय," आप्पा म्हणाले. म्हशीकडं बघून.

मी जवळ गेलो. त्यांच्या गुडघ्यापाशी मातीत बसलो. विचारलं, आप्पा, सुटला माझा नेम? व्हय. न्हाय सुटला? व्हय. रागावलाय माझ्यावर? व्हय. न्हाय न्हवं रागावला? व्हय. प्रत्येक वेळी तो एकच शब्द, आणि प्रत्येक वेळी त्यांची मान डावीकडं, म्हशीच्या तोंडाकडं वळत होती. त्यांना माझं कळलं होतं की मान आपली इतक्या वर्षांच्या वळणानं वळत होती, हे आता मला कोण सांगणार होतं.

मी उठलो. हात शर्टाला पुसले, ते काळेच राहिले. आप्पांच्या खुर्चीला वळसा घालून गोठ्याच्या बाजूला गेलो आणि म्हशीच्या मानेवर हात ठेवून तिच्या तोंडाशी उभा राहिलो. ती थोडी सरकली, मला जागा दिली. आप्पांनी मान उचलली. ते बघत होते तिथं आता मी होतो.

"बोला, आप्पा," मी म्हणालो.

"व्हय," आप्पा म्हणाले.